सिंधूच्या मामंजींचं नाक

माझ्या धाकट्या बहिणीच्या मामंजींना परमेश्वराने जसं नाक दिलं होतं तसं त्याने दुसऱ्या कोणाला दिलं नसेल, आणि माझं कोणी ऐकत असेल तर यापुढे देऊही नये. सिंधूचे ते सासरे. मी काही त्यांची सून नव्हे, पण ‘मामंजी असं म्हणाले’, ‘मामंजींना हे चालत नाही’ हे तिच्या तोंडून इतकं ऐकलं की मीही त्यांना मामंजीच म्हणू लागले, आणि त्यांनीही कधी हरकत घेतली नाही. दिसायला ते नाक अगदीच सामान्य होतं. बसकं, शेंड्याशी जरा लाल, चष्मा धड न पेलणारं. नाकाने कांदे सोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण मामंजी त्यांतले नव्हते. त्यांना कोणाला नावं ठेवायची नसत. त्यांना फक्त वास येत, आणि आलेला वास सांगितल्यावाचून राहवत नसे. कोर्टात शिरस्तेदार होते तेव्हा, खोटी साक्ष द्यायला आलेल्या माणसाला ओल्या कांबळ्याचा वास येतो असं ते शपथेवर सांगत. त्यावर न्यायाधीश निकाल देत नसत ही गोष्ट वेगळी. पेन्शनीत निघाल्यावर हा सगळा खटाटोप घरावर आला. भाजीवालीने टोपली उतरवायच्या आधीच ओसरीवरून आवाज जायचा, “मेथी कालची आहे गं, पुढे जा!” पोस्टमनच्या हातातलं पत्र न उघडता ते कोकणातून आलंय की देशावरून, हे सांगायचे. बहुतेक वेळा चुकायचे. चुकले की म्हणायचे, “वाटेत दुसऱ्या थैलीत पडलं असणार.”

सिंधूला बघायला ही मंडळी कल्याणहून ठाण्याला आमच्या घरी आली, तो दिवस मी जन्मात विसरणार नाही. बाकीच्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, गाणं येतं का, विणकाम येतं का. मामंजींनी विचारलं, “लोणच्याची बरणी दाखवता का जरा?” आई गांगरली. बरणी आली. मामंजींनी तोंडाला बांधलेला दादरा सोडला, डोळे मिटून नाक आत घातलं आणि बराच वेळ तसेच राहिले. मग म्हणाले, “या घरात आदळआपट नाही. मुलगी पसंत आहे.” त्यांचं म्हणणं असं, की घरात भांडणं असली की रागाच्या भरात कोणीतरी ओला हात बरणीत घालतंच, आणि लोणचं नासतं. आता खरी गोष्ट सांगायची तर आमचं लोणचं त्या वर्षी नासलं होतं आणि ती बरणी शेजारच्या काकूंची होती. हे आम्ही मामंजींना शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

अत्तर हा त्यांचा प्राण. कनौजहून लाकडी पेटीतून कुप्या यायच्या. उन्हाळ्यात वाळा, थंडीत हिना, सणावाराला केवडा, आणि श्राद्धपक्षाला काहीच नाही, कारण ‘पितरांना आपला वास आपसूक कळतो.’ घरातल्या प्रत्येकाच्या कानात ऋतूप्रमाणे कापसाचा फाया. त्यांच्या स्वतःच्या डाव्या कानात तर एवढा मोठा बोळा असायचा की त्या कानाने त्यांना काडीचं ऐकू येत नसे. सासूबाई बोलायला लागल्या की ते डावी बाजू त्यांच्याकडे करून शांत बसत. सिंधू मात्र कधी त्यांच्यापुढे उभी राहिली नाही. पाण्याचं तांब्या-भांडं ठेवायचं आणि डोक्यावरचा पदर सावरत मागल्या मागे सरायचं, ही तिथली रीत. लग्नाला इतकी वर्षं होऊनही दोघांचं थेट बोलणं ‘चहा ठेवलाय’ आणि ‘बरं’ यापलीकडे गेलं नव्हतं. बेबी जन्मली आणि बोलायला लागली, तेव्हा मध्यस्थी तिच्याकडे आली. “बेबी, आजोबांना म्हणावं पान वाढलंय.” “बेबी, आईला म्हणावं आलोच.” दोघांच्या मध्ये फार तर हातभर अंतर असायचं, पण निरोप बेबीमार्फतच जायचा, आणि बेबी तो इमानेइतबारे पोचवायची.

स्टो आणला तो मामंजींनीच. चुलीचा धूर अत्तरात उतरतो, अशी त्यांची तक्रार होती. सासूबाई म्हणाल्या, “तुमच्या कुप्यांसाठी मी त्या फुसफुसणाऱ्या मेल्याला स्वयंपाकघरात घेणार नाही!” त्यांनी आपली चूल मागीलदारी हलवली आणि शेवटपर्यंत तिथेच रांधलं. पण मामंजी स्वतः मुंबईला गेले, चांगला पितळी स्टो घेतला आणि गाडीत तो मांडीवर धरून कल्याणला आणला. सिंधूला तो फार आवडला. डोळ्यांत धूर नाही, फुंकणी नाही. मला म्हणाली होती, “ताई, पंप मारला की कसा गातो बघ.” त्या स्टोने माझी बहीण जाळली. सासरी सून भाजली म्हटलं की लोकांच्या भुवया वर जातात, माझ्याही गेल्या होत्या, खोटं कशाला बोलू? पण सिंधूनेच मला सांगितलं, “कोणाला काही बोलू नकोस गं. आधण अर्धवट राहिलं होतं, मी पेटताच स्टो भरायला गेले.” कल्याणच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि तिला ठाण्याच्या इस्पितळात आणलं. इथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि आशा धरू नका म्हणून सांगितलं. मी शाळेत मास्तरीण. पोरींना गणितं घालायची सवय. पण त्यांनी किती टक्के, किती दिवस म्हणून सांगितलं ते माझ्या डोक्यात शिरेना. मी म्हटलं, “बरं, डॉक्टर,” आणि वॉर्डात जाऊन बसले.

भाजलेल्यांच्या वॉर्डात जे कधी गेले नाहीत त्यांना तिथल्या वासाची गोष्ट सांगून उपयोग नाही. औषधाचा वास, पुवाचा वास, आणि त्यांच्या खालून येणारा तो एक, ज्याला नाव द्यायला नको वाटतं. माणूस दुखणं एकवेळ सोसतो. ओरडतो, रडतो, मॉर्फियाने झोपतो. पण हा आपलाच वास आहे हे त्या बायकांना कळत असायचं, आणि त्यावर कसलंच औषध नव्हतं. भेटायला आलेला माणूस दारात थबकायचा, आणि खाटेवरची बाई त्याचं नाक बघायची. मामंजी इथे पाऊल ठेवूच शकणार नाहीत, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. पहिल्या दिवशी ते पायरीवर आले, आणि तिथेच कठड्याला धरून ओकले. तोंड धुतलं, धोतराचा सोगा सारखा केला आणि आत आले. त्यांना बघून सिंधूने जळका हात डोक्याकडे न्यायचा प्रयत्न केला. पदर घ्यायला. पदर कुठला? अंगाला कापड लागू नये म्हणून वेताची कमान, तिच्यावर पातळ चादर, वर मच्छरदाणी. मामंजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि त्या भिंतीला म्हणाले, “बेबी, आईला म्हणावं राहू दे.” बेबी तिथे नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मुक्काम आमच्याकडे हलवला, येताना अत्तराची पेटी घेऊन आले. वॉर्डाची सिस्टर वसईची, आडव्या बांध्याची, आवाजाने भांडी हलतील अशी. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “आजोबा, जखमेला एक थेंब लागला ना, तर मी तुम्हाला जिन्यावरून खाली ढकलीन.” मामंजी म्हणाले, “ढकला, पण आधी सिंधूच्या उशाशी फाया बांधू द्या.” त्यांनी खाटेच्या दांडीला वाळ्याचा फाया बांधला. खिडकीला वाळ्याचा पडदा लावून त्यावर ते दिवसभर पाणी शिंपडत राहिले. सिंधूने संध्याकाळी मला विचारलं, “ताई, आपल्या मागच्या पडवीत बसलोय का आपण?” तेवढं ऐकून शेजारच्या खाटेवरून हाक आली, “बाबा, मला पण.” मग काय, मामंजींना काम मिळालं. प्रत्येक खाटेशी उभं राहायचं, खिडकीकडे बघत विचारायचं, “बाई, तुम्हाला कुठं जावंसं वाटतं?” एकीला देवळात. तिला कापूर आणि चंदन. एकीला माहेरी डहाणूकडे. तिला चिकूची पानं चुरगाळून दिली, ती काही तिला पटली नाहीत. एका पोरसवदा बाईला नुसतं मोगऱ्याचं नाव काढलं तरी हुंदका यायचा. कोणाचं काय झालं होतं ते मामंजी विचारत नसत. तिला त्यांनी साध्या ओल्या सुती फडक्याचा वास दिला आणि तिला झोप लागली.

कोलशेतची एक म्हातारी होती, मिठागरावर जन्म गेलेली. घराला आग लागली तेव्हा नातवाला काढायला आत शिरली होती. तिने मामंजींचा गुलाब हातानेच लांब केला. “बाबा, ह्यो गुलाब तुलाच ऱ्हवदे. मना खारीचा वास पायजे. न् जरासा सुका म्हावरा.” आता मामंजी कोण? मासळीबाजार लागला की रस्त्याची दुसरी बाजू धरणारे. आईशपथ सांगते, हा माणूस कोपरीला जाऊन खाडीचा चिखल चांदीच्या अत्तरदाणीत भरून घेऊन आला, आणि येताना सुके बोंबील विकत घेतले. हातात धरवेनात म्हणून दोऱ्याने छत्रीच्या टोकाला बांधले, छत्री खांद्यावर आडवी टाकली आणि आमच्या आळीतून, जिथे कांद्यालासुद्धा खिडक्या लागतात, भर उजेडात चालत निघाले. लोक ओट्यावर आले. एकाने विचारलं, “काका, हे काय?” मामंजी म्हणाले, “औषध.” म्हातारीने चिखल हुंगला, बोंबील हुंगले आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. “आलू रं बाबा घरा,” म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. बोंबील खाटेच्या दांडीला तसेच होते. ते मामंजींनी स्वतःच्या हाताने सोडले.

अत्तराने कोणी बरं झालं नाही. हे मी स्पष्ट लिहिते, कारण नंतर आळीतल्या बायका भलत्याच कथा सांगायला लागल्या. कापूरवाली गेली. डहाणूची गेली. एक खाट रिकामी व्हायची, फिनेलने धुतली जायची, संध्याकाळपर्यंत दुसरी बाई तिच्यावर असायची. मी एकदा चिडून बोलले, “मामंजी, काय उपयोग आहे हो ह्या सगळ्याचा?” ते कापूस पिंजत होते. म्हणाले, “घटकाभर त्या इथे नसतात, ताई.” बस्स. आणि पुन्हा कापूस पिंजायला लागले. मला त्यांचा राग यायचा. स्टो ह्यांनी आणला, आणि आता फाये वाटत फिरताहेत, असं मनात यायचं. मग ते बाकावर बसल्या बसल्या झोपलेले दिसायचे, तोंड उघडं, चष्मा मांडीवर पडलेला, आणि राग कोणावर काढायचा तेच कळायचं नाही.

एका संध्याकाळी दिवे गेले आणि आया कंदील भरून घेऊन आली. तिच्या हाताला रॉकेल लागलेलं. सिंधूच्या नाकात ते गेलं मात्र, तिची पाठ गादीवरून उचलली गेली. ज्या हाताची बोटं हलत नव्हती त्या हाताने ती मच्छरदाणी ओरबाडायला लागली. “ताई विझव, ताई विझव गं!” चौघींना धरून ठेवावं लागलं. जखमा फुटल्या. त्या दिवसापासून कंदील बाहेरच्या व्हरांड्यात ठेवायचा आणि आयाने साबणाने हात धुवूनच आत यायचं, असा सिस्टरने हुकूम काढला. मामंजी खाटेपासून लांब, दारात उभे होते. त्यांनी स्वतःचे हात वर करून नाकाशी नेले आणि पुन्हा पुन्हा हुंगले. त्यांच्या हाताला रॉकेल कुठून येणार?

सिंधू सारखी एकच गोष्ट मागत होती, बेबीला आणा. मी टाळत होते. शेवटी तिचा नवरा बेबीला कडेवर घेऊन आला. पोर तीन वर्षांची. सिंधूच्या चेहऱ्याला जांभळं औषध फासलेलं, केस नाहीत, आणि धुराने घसा गेल्यामुळे आवाज घोगरा. “बेबी, ये,” असं सिंधूने म्हटलं आणि पोरीने किंकाळी फोडली. बापाच्या मानेत तोंड खुपसलं. “ही आई नाही! घरी चल! ही आई नाही!” बाप तिला घेऊन बाहेर गेला आणि व्हरांड्यात भिंतीवर डोकं टेकून रडला. सिंधू रडली नाही. तिने मला जवळ बोलावलं. “ताई, मी जाणार हे मला कळतंय. तू तोंड फिरवू नकोस. फक्त एकदा बेबीला माझ्याजवळ बसव. नाहीतर तिला जन्मभर वाटेल, आई न सांगता कुठेतरी निघून गेली.” मागे मामंजी उभे होते. उजवा कान आमच्याकडे होता.

ते म्हणाले, “तोंड ओळखू येत नाही, आवाज ओळखू येत नाही. राहिलं काय? वास.” आणि कामाला लागले. पहिल्या खेपेला घोडचूक केली. घरातली सर्वांत उंची हिना आणली, खाटेभोवती सगळीकडे फाये बांधले, वॉर्डाच्या वासाचा मागमूस ठेवला नाही, आणि बेबीला दारात उभं केलं. पोर दोन पावलं आत आली. हुंगलं. खुदकन हसली. “आजोबा, तुम्ही तिथे पण झोपलात?” मच्छरदाणीच्या आत सिंधूचे ओठ हलले. हसल्याने तिला दुखलं. बेबी मात्र ती आजोबांचीच खाट अशी खात्री करून घेऊन, आई शोधायला दुसऱ्या खाटांकडे निघाली. तिला उचलून बाहेर न्यावं लागलं.

तेव्हा मामंजी कल्याणला गेले. पुढचं मला सासूबाईंनी सांगितलं. घरी आले ते थेट सिंधूच्या खोलीत. जिथे पाच वर्षांत त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. तिची ट्रंक उघडली आणि एकेक लुगडं काढून नाकाशी धरायला लागले. मग उशी. मग फणी. मग दोरीवर विसरून राहिलेली चोळी. सासूबाई किंचाळल्या, “अहो, सुनेच्या ट्रंकेत नाक घालता? शेजारपाजारचे बघताहेत! जनाची नाही तर मनाची तरी!” मामंजी जमिनीवर बसले होते, मांडीवर लुगड्यांचा ढीग. म्हणाले, “अगं, साऱ्या कल्याणातल्या माणसांचे वास मी सांगतो. आणि पाच वर्षं ही माझ्या घरात वावरली, हिचा वास मला माहीत नाही.” मग सासूबाईही शेजारी बसल्या. त्यांनीच सांगितलं, डोक्याला माका लावायची. शिकेकाईत नागरमोथा घालायची. हिंगाचा हात पदराला पुसायची, “कितीदा ओरडले मी!”

ते सगळं घेऊन मामंजी परत आले. सिंधूच्याच जुन्या लुगड्याचा तुकडा, माक्याचं तेल, शिकेकाई, हिंगाचं बोट. तुकडा खाटेच्या पायथ्याशी बांधला. तिचे पाय तेवढे वाचले होते, घोट्यापासून खाली जसेच्या तसे, जोडव्यांसकट. बेबी ह्या वेळी रडली नाही. हळूहळू खाटेच्या पायथ्यापर्यंत आली. तुकडा धरला. नाकाला लावला. मग तिने इकडे तिकडे बघितलं आणि आजोबांना विचारलं, “आई कुठाय?” मामंजी खाली बसले. “हाच ना आईचा वास?” बेबीने मान हलवली. नाही. “मग आईला कसला वास येतो गं?” पोर म्हणाली, “आईला स्टोचा वास येतो.”

बेबी आजीच्या चुलीपाशी कधी जायची नाही, तिथे सोवळं. ती सदा आईच्या स्टोपाशी. तिच्या जन्मापासून तिची आई म्हणजे रॉकेलचा हात, रॉकेलचा पदर. मामंजी उठेनात. मी त्यांना हाताला धरून बाहेर व्हरांड्यात नेलं. मी म्हटलं, “नाही. हे करायचं नाही. त्या दिवशी काय झालं ते बघितलंत ना?” ते म्हणाले, “बघितलं.” सिस्टर म्हणाली, “माझ्या वॉर्डात रॉकेल? वेड लागलंय?” ते म्हणाले, “खरं आहे.” मग बराच वेळ धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत राहिले, आणि म्हणाले, “पण तिला विचारायला हवं. तुम्ही नको, ताई. मी विचारतो.”

ते खाटेशी गेले. पहिल्यांदाच भिंतीकडे नाही, खिडकीकडे नाही, तिच्याकडे बघून बोलले. “सूनबाई, बेबी काय म्हणाली ते ऐकलंत ना?” सिंधू म्हणाली, “ऐकलं.” “तो स्टो मी आणला हो. माझ्या कुप्यांसाठी आणला.” सिंधू त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, “मला आवडायचा तो, मामंजी.” म्हातारा मच्छरदाणीची दांडी धरून उभा राहिला. सिंधूच पुढे म्हणाली, “आणा. लुगड्याला लावून आणा. दिवा-विडी काही नाही ना जवळपास?” त्या स्थितीत तिने हे विचारलं. घरातली बाई ती.

व्हरांड्यातला कंदील सिस्टरनेच विझवून लांब नेला. मामंजींनी लुगड्याच्या तुकड्याला रॉकेलचं बोट लावलं. एक बोट, जास्त नाही. आणि सिंधूसाठी म्हणून तिच्या नाकाशी वाळ्याचा फाया बांधला. वारा खिडकीतून तिच्याकडून दाराकडे जातो, तेव्हा तिला वाळा, पोरीला रॉकेल, असा त्यांनी हिशेब केला होता. तुकडा आत आणला तशी सिंधूची छाती वरखाली व्हायला लागली. मी तिच्या पायांवर हात ठेवला. तिने डोळे घट्ट मिटले. म्हणाली, “वाळा काढा.” मामंजी म्हणाले, “असू दे, सूनबाई. थोडा आधार.” ती म्हणाली, “काढा मामंजी. बेबीला कळेल.”

मामंजींनी वाळा काढला.

बेबी दारात उभी होती. तिने हुंगलं, आणि सरळ चालत आली, घरातल्यासारखी, कोणाकडे न बघता. खाटेच्या पायथ्याशी चढली आणि आईच्या पावलांवर गाल टेकून पसरली. जोडव्यांशी खेळायला लागली. “आई, स्टो पेटवला?” सिंधूच्या पायाच्या नसा माझ्या हाताखाली ताठ झाल्या होत्या, मला त्या कळत होत्या. ती म्हणाली, “हो बाळा. दूध तापतंय.” “साय मला?” “तुलाच.” बेबीने अंगठा तोंडात घातला आणि थोड्या वेळाने झोपली. सिस्टर पाठ करून खिडकीबाहेर बघत होती. मी हळूच विचारलं, “सिंधू, काढू का आता तो तुकडा?” डोळे न उघडता ती म्हणाली, “नको, उठेल ती.”

ती गेली तोवर बेबी रोज दुपारी येत होती, आणि रोज मामंजी तुकड्याला बोट लावून आत आणत होते. वाळ्याचं नाव सिंधूने पुन्हा काढू दिलं नाही. तिने हे कसं सोसलं ते मला आजवर कळलेलं नाही, आणि कळावं असंही वाटत नाही.

पुढे मी कल्याणला जायची तेव्हा सासूबाई सांगायच्या, संध्याकाळी पोर घरात सापडत नाही. आळीत कोणाकडेही स्टो पेटल्याचा आवाज आला की ती उठायची आणि त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहायची. आत जायची नाही, काही मागायची नाही. बायका बिचाऱ्या खाऊ द्यायच्या, तो हातात तसाच राहायचा. एकदा मीच तिला शोधायला गेले. शेजारच्यांच्या मागच्या दारात ती उभी होती, आणि तिच्यामागे मामंजी, हात पाठीशी बांधून. ते तिला घरी चल म्हणत नव्हते. आत स्टोवर दूध होतं. ते उतू जायला आलं तशी त्या बाईने पदराने पातेलं उतरवलं, चावी सोडली आणि स्टो बंद केला. बेबी थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग वळली आणि आजोबांचं बोट धरलं.